विणकामाचे प्रश्न : पट्ट्यांच्या स्वेटरच्या बाह्या

या वेळची बरीच पत्रे बाह्यांबद्दल आहेत, आणि त्यातली बहुतेक पट्ट्यापट्ट्यांच्या स्वेटरच्या. एकरंगी स्वेटरमध्ये बाही थोडी इकडेतिकडे झाली तर खपून जाते, पट्ट्यांमध्ये खपत नाही. उत्तरांतले आकडे एकाच मापावर बेतले आहेत : 4 मिमीच्या सुया, धुऊन वाळवलेल्या नमुन्यात 10 सेंमी रुंदीला 22 टाके आणि 10 सेंमी उंचीला 30 ओळी, सगळीकडे साधी सुलट वीण, 6 ओळी निळ्या आणि 6 पांढऱ्या, तयार छाती 100 सेंमी. तुमची वीण घट्ट किंवा सैल असेल तर आकडे बदला, रीत बदलू नका.

प्रश्न : पाठीचे आणि पुढच्या भागाचे पट्टे छान जुळले. पण बाही लावली तर काखेपाशी निळ्या पट्ट्यासमोर पांढरा आला. बॉर्डर झाल्यावर दोन्हीकडे निळ्यानेच सुरुवात केली होती. बॉर्डरच्या वर अंगाच्या 108 ओळी आहेत, बाहीच्या 114. कुठे चुकले?

उत्तर : दोन्हीकडे निळ्याने सुरुवात केली, तिथेच. पट्ट्यांच्या स्वेटरमध्ये बाही आणि अंग भेटतात ते मुंढ्याच्या पहिल्या ओळीवर, म्हणजे काखेत टाके बंद करतो त्या ओळीवर. तीच ओळ पक्की धरायची आणि तिथून मनगटापर्यंत उलटे मोजत यायचे.

तुमच्या निळ्या-पांढऱ्या जोडीला 12 ओळी लागतात. अंगाच्या 108 ओळी म्हणजे बरोबर 9 जोड्या. पांढरा पट्टा संपला आणि निळ्याच्या पहिल्या ओळीवर मुंढा सुरू झाला. बाहीच्या 114 ओळी म्हणजे 9 जोड्या आणि वर 6 ओळी. या 6 ओळी निळ्यात गेल्या, त्यामुळे मुंढा पांढऱ्यावर आला. बाहीतही मुंढ्याला निळ्याची पहिली ओळच हवी, तर मनगटाच्या बॉर्डरनंतर सुरुवात 6 पांढऱ्या ओळींनी व्हायला हवी होती. बाही 118 ओळींची असती तर 10 ओळी उरल्या असत्या. मग 4 निळ्या, 6 पांढऱ्या आणि पुढे नेहमीप्रमाणे. मनगटापाशी पट्टा 4 ओळींचा झाला तरी बॉर्डरच्या शेजारी तो कोणाच्या लक्षात येत नाही. काखेतली चूक मात्र समोरून पहिल्या नजरेत दिसते.

यासाठी टेपवर विसंबू नका, ओळी मोजा. लोकर टेपखाली ताणली जाते आणि अंग नि बाही वेगवेगळ्या दिवशी मोजली की दोन-तीन ओळींचा फरक सहज पडतो. दर पट्ट्याच्या पहिल्या ओळीत कडेच्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवला तर मोजायला पट्टेच पुरतात.

आता जुळणी कुठपर्यंत होते तेही सांगून टाकतो. काखेचे टाके बंद करण्याच्या 2 ओळी आणि त्यानंतर एकाआड एक ओळीला टाके कमी करण्याच्या 10 ओळी अंगात आणि बाहीत सारख्याच असतात. या 12 ओळी तंतोतंत जुळतात. पुढे मुंढ्याची कड सरळ वर जाते आणि बाहीचा गोलवा, म्हणजे मुंढ्यात बसणारा तिचा वरचा गोलसर भाग, तिरका आत वळतो. तिरपी कड तेवढ्याच ओळींत जास्त लांबी व्यापते, म्हणून मुंढ्याच्या 64 ओळींत गोलव्याच्या 42 ओळीच बसतात आणि पट्टे एकमेकांपासून सरकत जातात. हे चुकून होत नाही, तिथे कोणी खेचून जुळवायला जाऊ नये. हात खाली असताना नजर छातीच्या खालच्या पट्ट्यांवरून दंडाकडे जाते, आणि ती रेषा जुळलेली असली की स्वेटर जुळलेलाच वाटतो. गळ्यापर्यंत सगळे पट्टे जुळायलाच हवेत असे असेल तर रॅग्लान बाही करा, म्हणजे काखेपासून गळ्यापर्यंत तिरक्या शिवणीने जोडलेली बाही. त्यात अंगाची आणि बाहीची तिरकी कड एकाच ओळसंख्येची ठेवता येते.

प्रश्न : बाहीचा गोलवा किती उंच ठेवायचा? एका स्वेटरला खांद्यावर फुगा आला, दुसऱ्याला काखेपासून खांद्यापर्यंत चुण्या पडल्या.

उत्तर : फुगा आला तिथे गोलव्याची कड मुंढ्यापेक्षा फार मोठी होती, चुण्या पडल्या तिथे लहान होती. गोलव्याची उंची साधारणपणे मुंढ्याच्या उंचीच्या दोन तृतीयांश धरतात. मुंढा 21 सेंमी असेल तर गोलवा 14 सेंमी, म्हणजे 42 ओळी. पण उंची बरोबर आली म्हणून काम झाले असे नाही. लवचीक टेप उभा धरून दोन्ही कडा मोजायच्या. गोलवा मुंढ्यापेक्षा 1 ते 2.5 सेंमी मोठा असावा. तेवढी ढील शिवणीत निमूट सामावते.

वरच्या मापावर पूर्ण बाही अशी होते. मनगट 22 सेंमी, म्हणून 48 टाके आणि शिवणीचे 2, एकूण 50. बॉर्डर 3.25 मिमीच्या सुयांवर 6 सेंमी. दंडाला 80 टाके हवेत, म्हणजे दोन्ही कडांना एकेक करून 15 वेळा वाढवायचे. पहिली वाढ 6 व्या ओळीत, मग 8 ओळींनी, पुन्हा 6 ओळींनी, अशी आलटून पालटून करा. 104 ओळींत 15 वाढी पूर्ण होतात. राहिलेल्या 10 ओळी सरळ विणा. शेवटची वाढ अगदी मुंढ्याला चिकटून आली तर काखेत टोक निघते.

मग गोलवा. पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला 5-5 टाके बंद, उरले 70. एकाआड एक ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका कमी, 17 वेळा, उरले 36. लागोपाठच्या 2 ओळींत दोन्ही कडांना एकेक कमी, उरले 32. पुढच्या 4 ओळींच्या सुरुवातीला 3-3 बंद, उरले 20, ते एकदम बंद. ओळी 2, 34, 2 आणि 4 मिळून 42. या गोलव्याची कड साधारण 49 सेंमी भरते. अंगाला दोन्ही बाजूंनी 5 टाके बंद आणि एकाआड एक ओळीला 5 वेळा एकेक कमी केले असेल, तर मुंढ्याचा घेर साधारण 47 सेंमी होतो. ढील 2 सेंमी. चांगली आहे.

गोलवा मोठा निघाला तर 17 पैकी दोन घटी एकाआड एक ऐवजी लागोपाठच्या ओळींत घ्या, उंची 2 ओळींनी कमी होते. लहान निघाला तर मधल्या दोन-तीन घटी चार-चार ओळींनी घ्या. शेवटचे 20 टाके मात्र 12 वर आणू नका. माथा निमुळता झाला की खांद्यावर टोपी घातल्यासारखे दिसते.

प्रश्न : दोन बाह्या कधीच सारख्या होत नाहीत. काय करावे?

उत्तर : दोन्ही एकाच लांब गोलाकार सुईवर शेजारी शेजारी विणा, प्रत्येकीला तिचा वेगळा गुंडा. दोन रंगांमुळे चार गुंडे होतात आणि गुंततात. म्हणून डावीकडची जोडी एका डब्यात, उजवीकडची दुसऱ्या डब्यात ठेवा आणि ओळ संपली की काम एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून वळवा. ज्यांना हे जड वाटते त्यांनी पहिली बाही विणताना प्रत्येक वाढीची ओळ कागदावर लिहावी आणि दुसरी टेप न लावता त्या कागदावरूनच विणावी.

प्रश्न : दर पट्ट्याला लोकर तोडली, आता दोन्ही बाह्यांना मिळून ऐंशीच्या आसपास टोके लोंबतात. न तोडता वर नेली तर कड आवळते. वाढीचे टाके तर शिवणीत दिसेनासेच होतात.

उत्तर : पट्टा 2 किंवा 4 ओळींचा असेल तर लोकर तोडायची गरजच नाही. 6 ओळींच्या पट्ट्यातही नेता येते, पण मध्ये दर दोन ओळींनी न विणलेला धागा विणत्या धाग्याभोवती एकदा गुंडाळून घ्यायचा. कड आवळण्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते : नवा रंग उचलताना तो ओढला जातो. उचलण्याआधी कड सुईखाली सपाट पसरा, धागा कडेच्या उंचीइतका मोकळा सोडा, पहिला टाका विणा आणि मगच हलके ओढा. 8 ओळींपेक्षा मोठ्या पट्ट्यात तोडलेलेच बरे. आणि पट्ट्याच्या ओळी सम ठेवा, नाहीतर हवा तो रंग नेमका दुसऱ्या टोकाला अडकून बसतो.

तोडलेली टोके 12 ते 15 सेंमी ठेवा आणि ज्या रंगाची त्याच रंगाच्या पट्ट्यात लपवा. एका दिशेने 4-5 सेंमी शिवणीच्या कडेतून न्या, वळून 2 सेंमी परत आणा. निळे टोक पांढऱ्या पट्ट्यामागे नेले तर ते सुलट बाजूने सावलीसारखे दिसते.

वाढ कडेच्या टाक्यात करू नका. कडेचे दोन टाके सोडून, दोन टाक्यांमधला आडवा धागा उचला आणि मागच्या पायातून विणा, म्हणजे भोक पडत नाही. शिवणीत कडेचा एक टाका जातो, त्याच्या शेजारी एक सरळ उभा टाका राहतो आणि वाढ त्याच्या पलीकडे दिसते. तरच शिवण सरळ येते.

प्रश्न : बाही जोडण्याचा क्रम आणि शिवण सविस्तर सांगाल का? मागून-पुढून टाके घालून शिवले तर आत जाड वळ येते आणि पट्टे अर्ध्या पट्ट्याने सरकतात.

उत्तर : आधी सगळे तुकडे ओले करून मापाला टाचून वाळवा. गुंडाळलेली कड शिवायला घेतली की पट्टा कुठे सुरू होतो तेच कळत नाही.

क्रम असा ठेवा : खांदे, मग अंगाच्या बाजू, मग बाहीची खालची शिवण, शेवटी बाही मुंढ्यात. सपाट उघड्या मुंढ्यातही बाही लावतात आणि लहान मुलांच्या सैल स्वेटरला ते सोपे पडते. गोलव्याच्या बाहीला मात्र हा क्रम आम्हाला जास्त पसंत आहे, कारण बाजूचे पट्टे आधीच पक्के झालेले असतात आणि काखेत चार कडा नेमक्या एका टोकावर येतात.

बाजूची शिवण सुलट बाजूने करायची. दोन्ही कडा शेजारी ठेवा. कडेचा पहिला टाका आणि दुसरा टाका यांच्यामध्ये बोटांनी किंचित फाकवले की शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतात. बोथट सुईने डावीकडची एक पायरी उचला, मग उजवीकडची एक, पुन्हा डावीकडची, जिथून सुई बाहेर आली तिथेच आत घालून. पाच-सहा पायऱ्या सैल घ्या आणि मग धागा ओढा. शिडी मिटते, दोन उभे टाके एकमेकांशेजारी येतात आणि शिवण कुठे आहे ते शोधावे लागते. रंग बदलतो तिथे थांबून बघा : निळ्याची पहिली पायरी डावीकडे उचलली असेल तर उजवीकडेही निळ्याची पहिलीच यायला हवी. पायरी चुकली असेल तर ती त्याच पट्ट्यात सापडते, पुढे वीस पट्टे गेल्यावर उसवावे लागत नाही.

धागा एकाच रंगाचा चालतो, पट्ट्यागणिक बदलू नका. निळ्यात पांढरी टिंबे दिसली तर धागा सैल राहिला आहे, रंग बदलून ती जाणार नाहीत. लांबी शिवणीच्या दुप्पट आणि वर एक वीत पुरते. फार लांब धागा घेतला तर घासून त्याचे पीळ उसवतात.

बाही मुंढ्यात बसवताना आधी टाचण्या लावा. गोलव्याच्या 20 टाक्यांचा मध्य खांद्याच्या शिवणीवर. बाहीची खालची शिवण बाजूच्या शिवणीवर. मग दोन्हीकडे 12 वी ओळ 12 व्या ओळीवर. काखेपासून सुरू करा. बंद केलेले 5 टाके 5 टाक्यांना, मग 10 ओळींना 10 ओळी, पायरीला पायरी.

इथून वर मुंढ्याच्या 52 ओळी उरतात. गोलव्याच्या पुढच्या 24 ओळी मुंढ्याच्या 28 ओळींत बसवा, म्हणजे बाहीच्या दर 6 पायऱ्यांना मुंढ्याच्या 7, त्यातल्या एका जागी दोन पायऱ्या एकदम उचलायच्या. त्यावरचा भराभर टाके कमी केलेल्या 6 ओळींचा भाग मुंढ्याच्या 11 ओळींत, आणि माथ्याचे 10 टाके शेवटच्या 13 ओळींत. 2 सेंमीची ढील सगळ्या गोलव्यावर पसरायला हवी. ती खांद्यापाशी ढकलली की फुगा तिथेच येतो. एक बाजू खांद्यापर्यंत झाली की दुसरी पुन्हा काखेतूनच वर आणा. एका दिशेने गोल फिरत गेले तर बाही थोडी थोडी पुढे सरकते आणि खांद्याची टाचणी शेवटी जागेवर राहत नाही.

प्रश्न : शिवायचा कंटाळा येतो. मुंढ्यावर टाके उचलून बाही वरून खाली विणली तर पट्ट्यांत चालेल का?

उत्तर : खांदा उतरलेला असेल, म्हणजे मुंढ्याला आकार नसेल, तर उत्तम चालते. मुंढा 22 सेंमी धरला तर पुढे 66 आणि मागे 66 ओळी. दर 4 ओळींना 3 टाके उचला, 99 होतात. प्रत्येक ओळीला एक उचलला तर बाही झालरीसारखी पसरते. टाके कडेपासून एक पूर्ण टाका आत उचला. अर्ध्या टाक्यातून उचलले तर अंगाचा दुसरा रंग सांध्यात डोकावतो. मग काखेच्या रेषेवर दर 4 थ्या ओळीत 2 टाके कमी, 25 वेळा, मनगटाला 49 उरतात. बॉर्डरच्या पहिल्या ओळीत आणखी एक टाका कमी करा, एकास-एक, म्हणजे एक सुलट एक उलट, बॉर्डरला सम संख्या लागते. यात अंगाचे आणि बाहीचे पट्टे मुळातच वेगळ्या दिशेने निघतात, त्यामुळे जुळवणीचा प्रश्न उरत नाही.

गोल विणताना रंग बदलतो तिथे पायरी पडते, कारण फेरी मळसूत्रासारखी वर चढते. नव्या रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी विणा. दुसऱ्या फेरीच्या पहिल्या टाक्याखाली जुन्या रंगाचा टाका आहे, त्याचा उजवा पाय सुईवर उचला आणि दोन्ही एकत्र सुलट विणा. पायरी जवळजवळ मिटते. जी काही राहते ती काखेखाली लपते.

प्रश्न : लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांचा स्वेटर धुताना लाल रंग पसरेल का?

उत्तर : विणायच्या आधी लाल लोकरीचा हातभर तुकडा पांढऱ्या लोकरीबरोबर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि ओलाच पांढऱ्या कापडात दाबा. डाग पडला तर ती लाल लोकर या स्वेटरला वापरू नका.

प्रश्न : स्वेटर पूर्ण झाला, धुतला, आणि बाह्या 4 सेंमी लांब झाल्या. पूर्ण बाही उसवावी लागेल का?

उत्तर : नाही. खालून वर विणलेली बॉर्डर सुरुवातीच्या टोकाकडून सरसर उसवत नाही, म्हणून बाही मधूनच कापायची. ऐकायला धस्स होते, पण साध्या सुलट विणीत हे निर्धोक आहे. 4 सेंमी म्हणजे 12 ओळी, नेमकी एक पूर्ण जोडी. ती काढली तरी मनगटाशी पहिला रंग होता तोच राहतो आणि काखेतली जुळणी हलत नाही.

बाहीची शिवण मनगटापासून 12 सेंमी उसवा. बॉर्डरच्या वरची 13 वी ओळ शोधा आणि तिच्या प्रत्येक टाक्याचा उजवा पाय 3.25 मिमीच्या सुईवर घ्या. वाटेत एकही टाका सुटता कामा नये, म्हणून सगळे मोजा, 52 भरायला हवेत. 50 नाही, कारण 6 व्या ओळीतली एक वाढ यात आलेली असते. टाके एकदोनने कमी-जास्त भरले तर ओळ तिरकी उचलली गेली आहे, परत बघा. आता त्याखालच्या 12 व्या ओळीतला मधला एक टाका कापा आणि सुईच्या टोकाने तो धागा एकेक टाका करत दोन्ही कडांकडे ओढून काढा. खालचा तुकडा सुटतो. उरलेल्या टाक्यांवर पहिल्या ओळीत दोन्ही कडांना एकेक टाका कमी करून 50 करा आणि 6 सेंमी बॉर्डर खालच्या दिशेने विणा. टाके बंद करताना एक नंबर मोठी सुई घ्या, नाहीतर मनगटातून हात जाणार नाही. सुटलेल्या तुकड्याची लोकर भिजवून सरळ करून ठेवा, शिवणीला उपयोगी पडते.